गोड्या पाण्याचं वरण

लग्न होऊन तानाबाई घाटाखाली उतरली, त्याला आता तीसेक वर्षं होत आली. माहेर लोणार तालुक्यातलं, सुलतानपूरचं. तिकडे उन्हाळा लागला की विहिरी तळाला जायच्या आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन शेताशेतांतून पाणी मागत फिरायच्या. म्हणून लेकीला वाटे लावताना बापानं तिची समजूत घातली होती, "पोरी, तुझी पायपीट सरली. तुझ्या सासरी घरामागंच हापसा हाय."

बाप खोटं बोलला नव्हता. पूर्णेच्या काठाजवळच्या सावरखेडीत घरामागे खरंच हापसा होता आणि दांडा मारला की भसाभसा पाणी यायचं. नव्या नवरीनं हौसेनं ओंजळ भरली, घोट घेतला आणि तसाच थुंकून टाकला. मग सासूनं चहा ठेवायला सांगितला तर पातेल्यात दूध फुटून चोथा झाला. तानाबाई घाबरून रडायला लागली. पहिल्याच दिवशी सासरचं दूध नासवलं! सासू मात्र पदर तोंडाला लावून हसली.

"रडतं काऊन वं? दूध चांगलं हाय. पाणीच तसं हाय इथलं. लोणारच्या खाऱ्या तळ्याच्या बाजूची तू, अन् खाऱ्या पाण्याले भेतं?"

हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेनं हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या पोटात मीठ साठलेलं, त्यामुळे जमिनीखाली पाणी भरपूर आणि पिण्याजोगं जवळजवळ नाही. सावरखेडीत एकच गोडी विहीर होती, तुळशीरामच्या मळ्यातली. तुळशीराम भाजीपाला पिकवणारा, गावात वजन असलेला माणूस. त्याच्या आजोबांच्या काळात तानाबाईच्या आजेसासूला त्या विहिरीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. ती लांब थांबायची, मग मळ्यातलं कुणीतरी वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. पाऊण पाणी घागरीत, पाव पाणी मातीत. तानाबाई आली तेव्हा ते दिवस गेले होते. बौद्धवाड्यातल्या बायकाही सगळ्यांसारख्याच काठावर उभं राहून दोर सोडायच्या. पण सासू ती गोष्ट विसरली नव्हती. सुनेलाही तिनं ती विसरू दिली नाही.

पुढे मळ्यात बोअर झाले. एक झाला, तो आटला, मग दुसरा त्याहून खोल. शेजारच्या शेतांतही तेच. बघता बघता गोड्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि एका उन्हाळ्यात पार खारट होऊन गेलं. नळयोजना आली, पण नळाला पाणी येईल तेव्हा येईल. ज्याच्या खिशाला परवडेल त्यानं फिल्टरच्या पाण्याचे जार घ्यायचे, बाकीच्यांनी हापसा मारायचा. गावात मुतखड्याशिवाय घर उरलं नाही. साबणाला फेस येईना, घरादारातल्या भांड्यांवर पांढरी खपली बसू लागली, आणि सोयरिकीची बोलणी करायला आलेले लोक पाण्याचा घोट घेऊन एकमेकांकडे बघत उठू लागले.

तानाबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. खरं तर तिचं भांडण सुरू झालं ते तुरीच्या डाळीशी. आदल्या सांजेला भिजत घाला, सोडा टाका, सरपण जाळा, काही करा, डाळीचा दाणा दाण्यासारखाच राहायचा. पोरं ताटाच्या कडेला डाळीचे खडे वेचून ठेवत. एवढा जाळ घालून आपण लेकरांपुढे खडे वाढतो, हे तिच्या जिव्हारी लागायचं.

अशात एके वर्षी पोळ्याच्या सुमारास झड लागली. शाळेपासून हापशापर्यंतच्या वाटेत काळ्या मातीचा असा चिखल झाला की पाय उचलला तर चप्पल तिथंच राहावी. तानाबाई दारात उभी राहून विचार करत होती. तेवढ्यात तिला दिसलं, टिनाच्या पन्हाळीखाली धुऊन ठेवलेला खिचडीचा मोठा गंज पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरला होता. झड लागून बरेच दिवस झाले होते, टिनं धुऊन लख्ख झालेली. तिनं स्वच्छ फडक्यानं पाणी गाळलं आणि त्यातच डाळ टाकली.

तांदूळ निवडून होतात न होतात तोच डाळ फुटून मऊ लोण्यासारखी झाली होती. तानाबाईला वाटलं, आपला काही घोळ झाला. तिनं पळीनं घोटून पाहिलं, बोटावर घेऊन पाहिलं. त्या दिवशी पोरांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागून खाल्लं. शिक्षक राजकुमार सर ताट घेऊन स्वतः चुलीपाशी आले.

"तानाबाई, डाळ कुठून आणली आज?"

"डाळ तीच हाय, सर. पाणी वरून आलं."

सर हसले. तानाबाई हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं.

त्याच दिवाळीनंतर तिचा नवरा किसनराव कंबर धरून खाली बसला. किसनराव गवंडी. पंचक्रोशीत कितीतरी घरांच्या भिंती त्याच्या हातच्या. मुतखड्याचा त्रास जुनाच होता, पण या वेळी मलकापूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मूत्रपिंडं थकलीत. गेलं ते परत येत नाही, पण राहिलेलं सांभाळायचं असेल तर ते पाणी आजपासून बंद."

 घर आल्यावर किसनराव म्हणाला, "पाणी बंद कर म्हणे. अन् पेवाचं काय?"

"वरून येते ते," तानाबाई म्हणाली.

त्यांची लेक मंजुश्री तेव्हा बुलढाण्याला नर्सिंग शिकत होती. सुट्टीत ती आली तेव्हा आईनं तिला पन्हाळीची गोष्ट सांगितली. मंजुश्रीनं ती हसण्यावारी नेली नाही. उलट कुठून कुठून वाचून आली, एका ओळखीच्या सरांना विचारून आली, आणि आईला बसवून सांगू लागली.

"मा, आपल्या जमिनीत गोडं पाणी असते ना, ते दुधावरच्या सायीसारखं असते. पावसाचं मुरलेलं, वरच्या वर. खाली सगळं खारं. बोअर खोल खोल नेले तं साय ओढल्या गेली अन् खालचं वर आलं."

"मंग साय जमिनीत जायच्या आधीच धरली तं?"

"तेच तं सांगून राह्यली मी."

असं धरायचं म्हणजे मोठं छत हवं आणि खाली टाकं हवं. वस्तीत सगळ्यांत मोठा पक्का स्लॅब होता बुद्धविहाराचा. तानाबाईनं विहारात बैठक बसवली. विहाराचं काम पाहणारा धम्मरत्न विचारी तरुण, पण तो बिचकला. "काकू, पाण्यावरून घराघरांत भांडणं होतील. विहारात भांडण नको."

"भांडणं आताबी होतेच ना भाऊ, हापशावर. निदान गोड्या पाण्यासाठी होऊ द्या."

बायका हसल्या आणि तिथंच काम ठरलं. बचत गटानं सिमेंट आणलं, तरुणांनी खड्डा खणला, आणि उभं राहिलं की कंबर धरणारा किसनराव स्टुलावर बसून थापी चालवू लागला. तानाबाई त्याला माल कालवून द्यायची. टाकं पुरं झालं तेव्हा त्यानं आतून हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "एवढी गुळगुळीत भिंत म्या कोणाच्या घराले केली नाई."

पहिल्या पावसाळ्यात टाकं भरलं आणि तानाबाईचं नाक कापलं गेलं. स्लॅबवर कबुतरांची वस्ती होती. साठलेली घाण, वाळलेला पाला, सगळं पाण्याबरोबर आत गेलं. वर झाकण धड नव्हतं, जो तो बादली बुडवून पाणी काढत होता. पाण्याला वास सुटला, चार लेकरांची पोटं बिघडली. गावात चर्चा व्हायला काय लागतं? चहाच्या टपरीवर तुळशीराम सगळ्यांसमोर म्हणाला, "आभाळातलं पाणी पेवाले माणूस काय चातक हाय? बोअरच्या पाण्यात आपले बापदादे वाढले."

"बापदाद्याच्या टायमाले बोअर होते काय, भाऊ?" तानाबाईनं रस्त्यावरूनच विचारलं. टपरीवर हशा पिकला. पण घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली आणि मुळूमुळू रडली. लेकरं आजारी पडली, ते तिला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टाकं उपसायला घेतलं. शिडी लावून आत उतरली आणि चुन्यानं, काथ्यानं घासत बसली. थोड्या वेळानं वरून कुणाचीतरी सावली पडली. धम्मरत्न पँट दुमडून खाली उतरत होता. त्याच्यामागे आणखी दोघीतिघी आल्या. त्यांनीही काथ्या हातात घेतला.

उन्हाळ्यात त्यांनी स्लॅब धुतला, कबुतरांची भोकं बुजवली. मंजुश्रीनं सांगितल्याप्रमाणे पाइपाला एक तोटी काढली. सुरुवातीचे पाऊस त्या तोटीनं बाहेर सोडून द्यायचे, छत धुऊन निघू द्यायचं, मगच पाणी टाक्याकडे वळवायचं. मधे गिट्टी, रेती आणि कोळशाची गाळणी बसवली. टाक्याला घट्ट झाकण आणि खाली नळ. बादली बुडवणं बंद. पाणी फक्त पिण्याला आणि डाळीला, बाकी कशाला नाही, हे सगळ्यांनी विहारात बसून कबूल केलं.

त्या वर्षी टाकं काठोकाठ भरलं. मंजुश्रीनं बाटली भरून बुलढाण्याला नेली, तपासून आणली. पाणी चांगलं निघालं. वस्तीतल्या चुलींवर डाळ घटकाभरात शिजू लागली. किसनरावाचे रिपोर्ट पुढच्या दोन्ही खेपांना जसेच्या तसे आले, वाढ नाही. मलकापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "जार लावला का?" तर किसनराव ऐटीत म्हणाला, "नाई, घरचा माल हाय."

आणि मग आला तुळशीरामच्या प्राचीच्या लग्नाचा मे महिना.

प्राची त्याची एकुलती एक लेक. वऱ्हाड मोठं, नांदुऱ्याकडचं. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. आचारी सकाळपासून कामाला लागला होता. पाण्याच्या जारची गाडी सांगून ठेवली होती, ती वाटेत बिघडली. नळाची मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटलेली, टँकरवाले फोन उचलेनात. आचाऱ्यानं वाट पाहिली आणि शेवटी बोअरच्या पाण्यावर डाळ चढवली. चुलाण्यात जळतण रिचत गेलं. डाळ टणटण वाजत राहिली. आचाऱ्यानं कपाळावर हात मारला.

"काका, हे काई शिजत नाई. असं वाढलं तं पंगतीत डाळ दाताखाली वाजंल. तुमच्या गावाच्या पाण्याची बोलणी आधीच होऊन राह्यली म्हणता तुमी."

बोलणी झालीच होती. मुलाच्या मामानं साखरपुड्यालाच टोमणा मारला होता की पोरगी चांगली आहे, पण खाऱ्या गावची आहे.

तुळशीराम मांडवात सैरभैर फिरत राहिला. विहाराच्या टाक्यात पाणी आहे हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण टपरीवर आपणच केलेली थट्टा त्याला आडवी येत होती. शेवटी त्याची बायको रुख्मिणी हातातलं काम टाकून उठली आणि कुणाला न सांगता नेसत्या लुगड्यानिशी बौद्धवाड्याकडे चालू लागली.

तानाबाई ओट्यावर गहू निवडत होती.

"तानाबाई," रुख्मिणी उभ्याउभ्याच म्हणाली, "माही पोरगी हाय. लाज राख."

सगळं ऐकून तानाबाईनं तिला विहारापाशी नेलं आणि चार बायका, धम्मरत्न, किसनराव यांना बोलावलं. प्रश्न साधा नव्हता. मे महिना. टाक्यात उरलेलं पाणी वस्तीला पावसापर्यंत पुरवायचं होतं. त्यातून एवढ्या मोठ्या पंगतीचं वरण म्हणजे लेकरांच्या तोंडचा घास.

"आपल्या आज्याईले त्याईनं विहिरीपासून लांब उभं केलं होतं," एक म्हातारी बोलली. "अन् आज आपण पळत पाणी द्याचं?"

रुख्मिणीनं मान खाली घातली. ती ऐकतच होती.

 आजेसासूला तानाबाईनं पाहिलं नव्हतं, पण घागरीतून मातीत सांडलेलं ते पाव पाणी जन्मभर तिच्या डोळ्यांपुढे होतं. "तसं म्हणाल तं नाई देऊ," ती म्हणाली. "पण मंग आपल्यात अन् त्याईच्यात फरक काय राह्यला? त्याईनं लांबून ओतलं. आपण हातात देऊ."

"अन् आपलं सरलं तं?" धम्मरत्ननं विचारलं.

"सरलं तं त्याईच्या नावानं टँकर मागवू. वयनी, कबूल हाय?"

"हाव, कबूल," रुख्मिणी म्हणाली. "नुसतं तुमच्यापाशी नाई, साऱ्याईच्या समोर सांगन."

"आणखी एक. नुसतं पाणी नेऊ नका. डाळ मी घालीन. माह्या पाण्याची रीत मले ठाऊक हाय."

आता सगळ्यांनी रुख्मिणीकडे पाहिलं. मांडवात तुळशीरामची भावकी, नांदुऱ्याचं वऱ्हाड, आणि चुलाण्यापाशी तानाबाई. कोणी काही म्हणणार नाही, आजकाल तसं उघड कोणी म्हणत नाही. पण मनातली तेढ सगळ्यांना माहीत होती. रुख्मिणीनं पदर खोचला.

"मंग चाल ना! वेळ काऊन घालवतं?"

पितळी गुंड, कॅन, हंडे, जे हाती लागलं त्यात पाणी भरून वस्तीतली माणसं मांडवाकडे निघाली. पुढे तानाबाई, बरोबर रुख्मिणी. मांडवाच्या तोंडाशी तुळशीराम उभा होता. त्याच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ कुजबुजला, "अबे, ही आत येऊन राह्यली काय? पाणी घे अन् बाहेरूनच..."

तुळशीरामनं बायकोकडे पाहिलं. मग पुढे होऊन तानाबाईच्या कमरेवरचा गुंड स्वतःच्या हातानं उतरवून घेतला.

"या बाई," तो म्हणाला.  "चुलाणं तिकडं हाय."

तानाबाईनं पहिली डाळ उपसून बाजूला केली. नवी डाळ धुतली, गोड्या पाण्यात चढवली, हळद आणि तेलाची धार सोडली. आचारी आधी फुरंगटून लांब उभा होता. वाफेचा वास आल्यावर जवळ सरकला आणि डाळ गळलेली पाहून म्हणाला, "मावशी, तुमाले आधीच बोलावलं असतं तं म्या सकाळपासून जीव जाळला नसता." पुढची फोडणी दोघांनी मिळून घातली.

वऱ्हाड आलं, लग्न लागलं, पंगती बसल्या. साजूक तुपात बट्टी कुस्करून लोकांनी वरण ओरपलं. मुलाच्या मामानं तीन वेळा वाटी पुढे केली आणि मग न राहवून विचारलं, "तुमच्या गावचं पाणी खारं म्हणे ना? वरण तं झकास हाय!"

तुळशीराम पंगतीत वाढत फिरत होता. तो थांबला. आजूबाजूला त्याची सगळी भावकी जेवत होती.

"खारंच हाय, मामा," तो मोठ्यानं म्हणाला. "गोडी विहीर होती, ते म्याच बोअर मारू मारू नासवली. हे वरण विहारातल्या पाण्याचं हाय. अन् घातलं तानाबाईनं."

क्षणभर वाढप्यांचे हात थबकले. मामानं वाटीकडे पाहिलं, मग चुलाण्याकडे, आणि म्हणाला, "मंग त्या बाईले म्हणा, आणखी एक पळी."

पंगत हसली आणि पुढे सरकली. शेवटच्या पंगतीला रुख्मिणीनं तानाबाईला, किसनरावाला आणि वस्तीतल्या सगळ्यांना ओढून आणून बसवलं, आणि प्राचीनं हळदीच्या हातानं त्यांच्या ताटात तूप वाढलं. किसनरावाला मिठाचं पथ्य होतं, तरी त्या दिवशी त्याला कुणी अडवलं नाही.

पंधरवड्याच्या आत वस्तीच्या वाटणीचा टँकर आला. रुख्मिणीनं शब्द पाळला. पण खरी गंमत पुढे झाली. पावसाआधीच्या रोहिण्या निघायच्या आत तुळशीराम सकाळी सकाळी किसनरावाच्या ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "किसनराव, माह्या घराचा स्लॅब मोठा हाय."

"मोठा हाय खरा," किसनराव म्हणाला. "म्याच तं टाकला."

"तं खाली टाकंबी तुम्हीच बांधा."

बांधलं. मग शाळेला बांधलं. राजकुमार सरांनी पोरांनाच पन्हाळी साफ करायचा नेम लावून दिला. ग्रामसभेत तुळशीरामनंच उभं राहून मांडलं की आता यापुढे कोणी खोल बोअर मारायचा नाही आणि टाकी भरून वाहिलेलं पाणी शोषखड्ड्यांत सोडायचं. दोनतीन जण कुरकुरले. त्यांना तानाबाईनं नाही, रुख्मिणीनं गप्प केलं. किसनराव आता जड काम करत नाही, पण दोन तरुणांना हाताखाली घेऊन टाकी बांधतो, आणि आतल्या भिंतीवरून हात फिरवल्याशिवाय झाकण बसवू देत नाही. मंजुश्री तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली. मुतखड्याचा रोगी आला की गोळीआधी विचारते, "छत पक्कं हाय का टिनाचं?"

परवा पूर्णेपलीकडच्या एका गावातून बायकांचा निरोप आला, आमच्या टाक्याला वास येतो, या बघायला. ऑटो दारात आला तेव्हा रुख्मिणी आधीच आत बसलेली होती, हातात नवा काथ्या आणि चुन्याची पुडी.

"तुमी कोठी चालल्या, वयनी?" तानाबाईनं विचारलं.

"तू आत उतरशील तं वरून बादली कोण ओढंल?" रुख्मिणी म्हणाली आणि सरकून तिला जागा करून दिली. ऑटो पुलाकडे वळला. पलीकडच्या गावाच्या वेशीपर्यंत दोघींचा वाद चालला होता, गाळणीत कोळसा खाली घालायचा की मधे.